विज्ञानकथा मालिकेचा सूत्रधार बदलला की नेमकं काय बदलतं?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यातले आपण विज्ञानकथा मालिका बघणारे पावसाळ्यात चार रविवार एकत्र बसायचं म्हणतोय. बैठक तीन तासांची, मध्ये चहा. चारही बैठकांना विषय एकच ठेवावा असं माझं मत आहे: नेतृत्वबदल.

माझं म्हणणं आधीच मांडतो, म्हणजे भांडायला बरं. कप्तान बदलला की प्रेक्षक आरडाओरडा करतात. पण मालिकेचा पोत बदलतो तो लेखकांच्या खोलीतला मुख्य माणूस, म्हणजे शोरनर, बदलल्यावर. हा बदल पडद्यावर उशिरा पोचतो, त्यामुळे श्रेय आणि दोष दोन्ही हमखास भलत्याच्या नावावर जमा होतात. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मध्ये पिकार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत कप्तान आहे. तरीही १९८७ची ती मालिका आणि १९९०ची तीच मालिका यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधीचा एक आणि नंतरचा एक, अशा जोड्या सुचवा. कारणासकट.

निपाणीचा नाना:
साफ नामंजूर. प्रेक्षक खुर्चीत कोण बसलंय ते बघतो, खोलीत कोण बसलंय ते नव्हे. सविस्तर रात्री लिहितो.

वडगावची अक्का:
टिळकवाडीकर, नेक्स्ट जनरेशनची जोडी मी देते. पहिल्या सीझनचा 'हार्ट ऑफ ग्लोरी' आणि तिसऱ्याचा 'सिन्स ऑफ द फादर'. दोन्ही वॉर्फचे (क्लिंगॉन या लढवय्या परग्रही जमातीतला जहाजावरचा अधिकारी), दोन्हींत क्लिंगॉन अब्रूचा प्रश्न. विषय एकच असल्यामुळे फरक पडतो तो हाताळणीचा.

'हार्ट ऑफ ग्लोरी'त क्लिंगॉन बंडखोर जहाजावर येतात, वॉर्फची ओढाताण होते, भाग संपतो आणि पुढच्या आठवड्यात सगळं पुसून टाकल्यासारखं होतं. 'सिन्स ऑफ द फादर'मध्ये बापावरचा खोटा कलंक वॉर्फ राजकारणापायी स्वतःच्या डोक्यावर घेतो आणि तो कलंक त्याच्यासोबत पुढचे सीझन चालतो. 'रीयुनियन', 'रिडेम्प्शन' हे भाग त्यातूनच निघाले.

मधल्या काळात काय झालं? दुसऱ्या सीझनच्या तोंडावर १९८८चा लेखकांचा संप झाला. भाग २६ऐवजी २२च झाले. पहिला भाग 'द चाइल्ड' हा न बनलेल्या जुन्या 'फेज टू' मालिकेची संहिता झटकून केलेला, तर शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' जुन्या भागांचे तुकडे जोडून. लेखकांच्या खोलीचे तेव्हाचे प्रमुख मॉरिस हर्ली त्या सीझननंतर गेले. तिसऱ्याच्या सुरुवातीला मायकल वॅग्नर आले, ते थोडक्यात परतले आणि मग मायकल पिलर आले. पिलरनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक भाग कुठल्या तरी एका पात्राचा असलाच पाहिजे, हा दंडक घातला. आणि बाहेरच्या लेखकांच्या संहितांना दार उघडं केलं. रोनाल्ड मूर त्याच दारातून आला, 'द बाँडिंग' घेऊन. 'सिन्स ऑफ द फादर'च्या लेखनातही तो आहे, आणि पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' त्यानेच नव्याने उभी केली.

विशेष म्हणजे जहाजावरच्या माणसांनी आपसांत भांडायचं नाही, हा 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरी यांचा नियम पिलरनी मोडला नाही. त्या चौकटीत राहून बाहेरचा माणूस आणून संघर्ष उभा करायचा, ही वाट काढली. जगाचे नियम ठेवले, कामाची रीत बदलली. चांगल्या बदलाची ही माझ्या लेखी पहिली कसोटी.

खानापूर पॅसेंजर:
अक्का, माहिती झकास. पण बदल 'उशिरा पोचतो' म्हणजे किती उशिरा? नवा माणूस सोमवारी रुजू झाला तर मंगळवारपासून त्याचंच लेखन नाही का?

टिळकवाडीकर:
नाही ना. काम कसं चालतं बघा. खोलीत आधी भागाची मोडणी होते. कुठल्या अंकात काय घडणार, जाहिरातीच्या आधी कुठे तोडायचं, हे फळ्यावर लागतं. मग रूपरेषा, पहिला खर्डा, दुसरा खर्डा. शेवटचा हात शोरनरचा. तासाभराच्या भागाचं चित्रीकरण साधारण ७ ते ८ दिवस, आणि त्याआधी जवळपास तितकीच तयारी. त्यानंतर संकलन, दृश्यपरिणाम, संगीत यात आठवडे जातात. म्हणजे कुठल्याही दिवशी एक भाग सेटवर, एक तयारीत, दोन-तीन संकलनात आणि पाच-सहा कागदावर असतात. २६ भागांच्या जुन्या पद्धतीत नव्या माणसाला हे सगळं वारशाने मिळतं. कागदावरच्या भागांवर तो हात फिरवू शकतो, चित्रित झालेल्यांना फक्त कात्री लावू शकतो.

म्हणून नवीन शोरनरचे पहिले पाच-सहा भाग बघून निकाल देऊ नये.

श्रेयनामावली वाचतानाही काळजी घ्या. 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर' म्हणून चार-सहा नावं येतात, त्यातली काही निव्वळ कराराची असतात. अमेरिकी मालिकांत लेखकांच्या दोन नावांमध्ये & हे चिन्ह असेल तर त्यांनी जोडीने लिहिलंय, आणि 'अँड' अक्षरी असेल तर एकाचं काम नंतर दुसऱ्याकडे गेलंय. शोरनरने अर्धा भाग पुन्हा लिहिला तरी त्याचं नाव लेखक म्हणून येईलच असं नाही.

शहापूर पेठ:
भलत्याच्या नावावर दोष म्हणालात, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे निर्माता फ्रेड फ्रायबर्गर. मूळ 'स्टार ट्रेक'चा तिसरा सीझन (१९६८-६९) त्याने बुडवला, असं पन्नास वर्षं ऐकतोय. वस्तुस्थिती बघा. चांगली वेळ मिळाली तर मी पुन्हा रोज सेटवर येईन, असं रॉडनबेरींनी वाहिनीला सांगितलं होतं. वाहिनीने मालिका शुक्रवारी रात्री १० वाजता ढकलली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घराबाहेर. रॉडनबेरी मागे सरले. बजेट कापलं गेलं. फ्रायबर्गरच्या हातात आली ती अशी मालिका.

आणि ज्या भागाला सगळे हसतात तो 'स्पॉक्स ब्रेन'? लेखक 'ली क्रोनिन'. हे टोपणनाव जीन कून यांचं. पहिल्या दोन सीझनचे लाडके निर्माते, क्लिंगॉन ज्यांनी आणले ते कून! त्याच सीझनमध्ये लेखिका डी. सी. फोंटाना यांचा 'द एंटरप्राइझ इन्सिडंट' आहे, 'द थोलियन वेब' आहे. वाईट भाग जुन्या माणसाचा, चांगले भाग नव्याच्या कारकिर्दीत, आणि शिव्या मात्र ठरलेल्या पत्त्यावर.

माझी जोडी 'स्पॉक्स ब्रेन' आणि 'द एंटरप्राइझ इन्सिडंट'. एक सूचना: ब्लू-रेवर दृश्यपरिणाम जुने की २००६नंतरचे नवे हे निवडता येतं. जुनेच लावा. नव्यांत बजेटची चणचण झाकली जाते, आणि आपल्याला तीच तर बघायचीये.

चंदगडी:
+१. पण फ्रायबर्गरला सरसकट माफी नको. 'स्पेस: १९९९'चा दुसरा सीझन (१९७६) त्याच्याकडे गेला तेव्हा मालिकेच्या एक निर्मात्या सिल्व्हिया अँडरसन बाहेर पडल्या होत्या. त्याने प्राध्यापक बर्गमनला गाळलं, 'मेन मिशन' या ऐसपैस नियंत्रणकक्षाच्या जागी कोंदट कमांड सेंटर आलं, संगीतकार बॅरी ग्रे जाऊन डेरेक वड्सवर्थ आले, आणि रूप बदलणारी माया आली. माया चांगलं पात्र आहे, वादच नाही. पण बर्गमन गेला कुठे याचं उत्तर पडद्यावर कधी मिळालंच नाही. पहिल्या २४ भागांत ज्या माणसावर जीव लावला त्याच्या जाण्याला एक वाक्यही नाही, हे प्रेक्षकाला लागतं. चणचण समजू शकते. एक वाक्य लिहायला काय खर्च येतो?

निपाणीचा नाना:
आलो. आता माझी बाजू ऐका की.

'बॅबिलॉन ५'. अवकाशस्थानकावरची मालिका. ११० भागांपैकी ९२ तिचा जनक स्ट्राझिन्स्की याने एकट्याने लिहिले, तिसरा आणि चौथा सीझन तर अख्खाच. खोलीतला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. तरी दुसऱ्या सीझनला कमांडर सिंक्लेअर जाऊन शेरिडन आला आणि मालिकेची चालच बदलली. सिंक्लेअर आत वळलेला, स्वतःच्या हरवलेल्या चोवीस तासांशी झगडणारा. शेरिडन लढवय्या, मोकळा, हसरा. आता सांगा, बदल कुणामुळे?

वडगावची अक्का:
नाना, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. सिंक्लेअर करणारे मायकल ओ'हेअर यांना मानसिक आजार होता म्हणून ते मालिकेतून बाहेर पडले. ही गोष्ट स्ट्राझिन्स्कीने त्यांच्या संमतीनेच, पण त्यांच्या निधनानंतर सांगितली. त्या माणसाचा मान राखायला हवा, म्हणून एवढंच. मुद्दा असा की मुख्य पात्र असं अचानक जाऊनही कथानक कोसळलं नाही, कारण प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायची वाट लेखकाने आधीच आखून ठेवली होती. सिंक्लेअरला मिनबार या परग्रहावर राजदूत केलं, आणि पहिल्या सीझनच्या 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड'मध्ये पेरलेलं तिसऱ्याच्या 'वॉर विदाउट एंड'मध्ये उगवलं. ओ'हेअर त्या दोन भागांसाठी परत आले. खुर्ची बदलून मालिका टिकली ती खोली न बदलल्यामुळे.

निपाणीचा नाना:
अक्का, टिकली हे मान्य. पण 'टिकली' आणि 'तीच राहिली' यात फरक आहे.

दुसरं घ्या, 'स्टारगेट एसजी-१'. नवव्या सीझनला जुना नायक ओ'नील बाहेर, मिचेल आत. लेखकमंडळी बहुतांश तीच. तिथे युक्ती काय केली? 'अव्हलॉन' या भागात मिचेल येतो तो जुन्या चमूत बसायची मनापासून इच्छा घेऊन, आणि येऊन बघतो तर चमू पांगलेला. प्रेक्षकालाही जुनी माणसं हवी आहेत, नव्या नायकालाही तीच हवी आहेत. दोघांची तक्रार एक झाली आणि मिचेल आपला वाटला. याउलट 'स्टारगेट अटलांटिस'ला पाच सीझनमध्ये वेअर, कार्टर, वूल्सी असे तीन प्रमुख. कार्टरच्या खुर्चीची सवय होते न होते तोवर वूल्सी.

खानापूर पॅसेंजर:
नाना आणि अक्का, तुम्हा दोघांना रविवारी शेजारी बसवायचं नाही हे मात्र नक्की झालं. 😀

चंदगडी:
'डॉक्टर हू'शिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. कप्तान बदलणं हा तिथे कथेचाच भाग आहे: नायक डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की नवं शरीर घेतो, म्हणजे नवा नट येतो. १९६६ला हार्टनेल जाऊन ट्राउटन आले तेव्हापासून. त्यामुळे नानांचा आणि टिळकवाडीकरांचा वाद तपासायला ही उत्तम प्रयोगशाळा: कधी नुसता डॉक्टर बदललाय, कधी नुसता निर्माता, कधी दोन्ही.

दोन्ही बदलून नीट जमलेलं उदाहरण १९७४-७५चं. टॉम बेकरची पहिली कथा 'रोबॉट' जुने निर्माते बॅरी लेट्स यांनीच केली. नवे निर्माते फिलिप हिंचक्लिफ तेव्हा शेजारी राहून काम बघत होते, आणि 'द आर्क इन स्पेस'पासून सूत्रं त्यांच्याकडे गेली. त्या सीझनमधले डालेक, सायबरमेन, सोंटारन हे शत्रू जुन्या मंडळींनी आधीच ठरवून ठेवलेले. म्हणजे 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही हिंचक्लिफची म्हणून गाजलेली कथा मुळात लेट्स आणि त्यांचे संहिता संपादक टेरन्स डिक्स यांनी मागवलेली. टिळकवाडीकर म्हणतात तो वारसा हाच. हिंचक्लिफ आणि संहिता संपादक रॉबर्ट होम्स यांचा स्वतःचा काळोखी, भयकथेचा रंग खरा चढला तो पुढच्या सीझनला.

नुसता निर्माता बदलल्याचं उदाहरण १९७७. डॉक्टर तोच. 'द डेडली असॅसिन'च्या (१९७६) तिसऱ्या भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्याखाली धरलेलं आणि चित्र तिथेच गोठलेलं. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी त्यावर रान उठवलं. पुढचे निर्माते ग्रॅहॅम विल्यम्स यांना वरून सांगण्यात आलं की हिंसा कमी करा. वर महागाईने बजेट खाल्लेलं. त्यातून विनोदाकडे झुकलेली मालिका तयार झाली. १९७९चा 'सिटी ऑफ डेथ' हा त्याचा कळस, लेखक म्हणून नाव 'डेव्हिड अ‍ॅग्न्यू', प्रत्यक्षात डेव्हिड फिशर यांच्या कल्पनेवरून डग्लस अ‍ॅडम्स आणि विल्यम्स यांचं काम. चेहरा एकच, टॉम बेकर. दोन वेगळ्या मालिका वाटाव्यात इतका फरक.

नाना, यावर बोला.

निपाणीचा नाना:
यावर बोलणं अवघड आहे. पण त्या कथेला प्रेक्षक तुफान मिळाले होते ना? शेवटच्या भागाला १.६ कोटींच्या वर. म्हणजे लोकांना विल्यम्सचा बदल आवडला.

चंदगडी:
समोरची वाहिनी त्या वेळी संपामुळे बंद होती हो. त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. कथा उत्तम आहे ती तिच्या संवादांमुळे. आणि पुढे स्वतःच्या वाहिनीतल्या संपाचा फटका 'डॉक्टर हू'लाही बसलाच. त्याच सीझनची 'शाडा' अर्धवट राहिली.

हिंडलग्याहून:
नव्या 'डॉक्टर हू'बद्दल कुणीच बोलेना. २०१८ला शोरनर म्हणून चिबनल आले तेव्हा एकाच वेळी काय काय बदललं बघा: डॉक्टर (जोडी व्हिटेकर, पहिली स्त्री), सगळे सोबती, संगीतकार (मरे गोल्ड जाऊन सेगुन अकिनोला), वार शनिवारऐवजी रविवार, भाग १२ ऐवजी १०, आणि पूर्ण सीझनभर एकही जुना शत्रू नाही, थेट १ जानेवारी २०१९च्या विशेष भागापर्यंत. प्रेक्षकाला धरायला एकही कठडा ठेवला नाही. व्हिटेकरवर जो राग निघाला तो या सगळ्याचा मिळून होता, आणि तो तिच्या वाट्याला येणं मला आजही अन्यायाचं वाटतं. नट संवाद लिहीत नाही.

त्यांच्या आधीचे शोरनर मोफॅट यांनीही २०१०ला जवळपास सगळं बदललं होतं. पण 'ब्लिंक'सारख्या कथा त्यांनी त्याआधीचे शोरनर डेव्हिस यांच्या हाताखाली आधीच लिहिलेल्या. लोकांना त्यांची लेखणी ओळखीची होती.

चिबनल यांनीही आधीच्या दोघांकडे भाग लिहिले होते. पण 'ब्लिंक'इतका मनात बसलेला त्यात नव्हता.

शहापूर पेठ:
अवांतर, पण फार नाही. 'हाताखाली लिहिलेलं' हा मुद्दा आपल्या मातीतला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८५ साली ते गेले तेव्हा 'रामराज्यवियोग' अपुरं होतं. त्यांची नाटक मंडळी बुडायला हवी होती. बुडाली नाही, कारण त्यांच्या तालमीत तयार झालेले भाऊराव कोल्हटकर होते, देवल होते. 'शारदा' १८९९ची, म्हणजे संस्थापक जाऊन चौदा वर्षांनी त्याच मंडळीने रंगभूमीवर आणली. पुढे १९१३ला बालगंधर्व बाहेर पडले तेव्हा त्यांनी स्वतःची मंडळी काढली, आणि तिथेही रीत किर्लोस्करांचीच चालली. मालिकांत नेमकं हेच बघावं. नवा माणूस त्याच खोलीत शिकलेला आहे की बाहेरून आणून बसवलाय?

टिळकवाडीकर:
शहापूर पेठ, हे अवांतर नाहीच. याची उलटी बाजू म्हणजे 'अँड्रोमेडा'. दूरवरची आखणी रॉबर्ट हेविट वुल्फ यांच्या डोक्यात, आणि दुसऱ्याच सीझनमध्ये तेच बाहेर. पुढचे सीझन नायकाभोवती फिरत राहिले, पेरलेलं बरंच तसंच जमिनीत राहिलं.

आणि 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'त तर प्रक्षेपणाआधीच गडबड. ब्रायन फुलर ऑक्टोबर २०१६ला शोरनरपदावरून बाजूला झाले, मालिका आली सप्टेंबर २०१७ला. त्यांच्या जागी आलेले बर्ग आणि हार्बर्ट्स दुसऱ्या सीझनच्या कामात असतानाच गेले, कुर्ट्झमन आले, मग मिशेल पॅराडाइज. पडद्यावरही लॉर्का, पाइक, सरू, बर्नम असे एकामागून एक कप्तान. खोली आणि खुर्ची दोन्ही हलत राहिल्या, त्यामुळे पहिले दोन सीझन कुठल्या दिशेला चाललेत ते कळत नाही. पाइक मात्र एवढा जमला की त्याची स्वतंत्र मालिका निघाली.

वडगावची अक्का:
'स्टार ट्रेक: एंटरप्राइझ' ही मालिकाही घ्या. चौथ्या सीझनला मॅनी कोटो आले, दोन-तीन भागांच्या छोट्या कथामाला केल्या, जुन्या ट्रेकशी धागे जोडले, मालिका उभी राहिली, आणि फेब्रुवारी २००५ला बंद होणार असं जाहीर झालं. अखेरचा भाग लिहिला तो बर्मन आणि ब्रागा यांनी, म्हणजे आधीच्या सूत्रधारांनी, आणि त्यात 'नेक्स्ट जनरेशन'मधले रायकर-ट्रॉय पाहुणे म्हणून आले. ज्याने मालिका सावरली त्याला शेवट लिहायला मिळाला नाही. मला तो भाग बघवत नाही.

हिंडलग्याहून:
एक गोड उदाहरण देऊन ठेवते. 'द एक्सपान्स'. तीन सीझननंतर वाहिनीने २०१८ला सोडली, अ‍ॅमेझॉनने घेतली. शोरनर नरेन शंकर तेच, मूळ कादंबऱ्यांचे दोन्ही लेखक खोलीत तेच. घर बदललं, संसार तोच. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना सांधा दिसत नाही.

टिळकवाडीकर:
आता यादी. वेळेचं गणित असं बसतंय:

पहिला रविवार: 'हार्ट ऑफ ग्लोरी', 'द बाँडिंग', 'सिन्स ऑफ द फादर'. प्रत्येकी सुमारे ४५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास.

दुसरा: 'स्पॉक्स ब्रेन' आणि 'द एंटरप्राइझ इन्सिडंट'. प्रत्येकी ५० मिनिटं. उरलेला वेळ चर्चेला, शहापूर पेठ बोलतील.

तिसरा: दोन्ही डॉक्टर कथा पूर्ण लावल्या तर ४ गुणिले २५ दोनदा, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. जमत नाही. 'द डेडली असॅसिन'चा फक्त तिसरा भाग आणि 'सिटी ऑफ डेथ' पूर्ण.

चौथा: 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड' आणि 'वॉर विदाउट एंड'चे दोन भाग. नानांचा दिवस.

खानापूर पॅसेंजर:
नुसता तिसरा भाग दाखवला तर नवख्याला कळणार काय? त्यात निम्मा वेळ डॉक्टर मायाजालात पळतोय. आधी दोन मिनिटांत कुणीतरी तोंडी सांगा: डॉक्टरवर खुनाचा आळ, खरा गुन्हेगार त्याचा जुना वैरी मास्टर, आणि त्याचा शोध घ्यायला डॉक्टर मेट्रिक्स नावाच्या यंत्रात मनाने शिरलाय. एवढं पुरे.

शहापूर पेठ:
होय. आणि तांत्रिक बाबी आत्ताच ठरवा. हॉलवर पत्रे आहेत, पाऊस लागला की संवाद ऐकू येत नाहीत, तेव्हा सबटायटल्स चालूच ठेवायची. जुन्या मालिकांचं चित्र ४:३ आहे. टीव्ही ते आपोआप ताणतो किंवा झूम करून माथा-हनुवटी कापतो, म्हणून सेटिंगमधून ४:३ हाताने लावा. मोशन स्मूदिंग (टीव्ही हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करतो ती सोय) बंद. इन्व्हर्टरवर टीव्ही आणि प्लेअर एवढंच ठेवा, पंखे नकोत.

निपाणीचा नाना:
'बॅबिलॉन ५'ची जुनी डीव्हीडी आणू नका हं कुणी. त्यात चित्र रुंद करण्यासाठी संगणकी दृश्यं वरून-खालून कापून मोठी केलीत, जहाजं सगळी धुरकट दिसतात. २०२१ला नव्याने साफ केलेली ४:३ आवृत्ती आली, तीच लावायची. आणि 'बॅबिलॉन स्क्वेअर्ड'नंतर चहा घेऊ नका, थेट पुढचं लावा. त्यातला निळा अवकाशपोशाख डोळ्यांसमोर ताजा असताना 'वॉर विदाउट एंड' बघायला हवं.

वडगावची अक्का:
मग चहा दोन भागांच्या मध्ये. पहिला भाग टांगता संपतो, त्यामुळे कुणी उठून घरी जाणार नाही.